कागदाची पोच

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

तहसील कचेरीत अर्ज दिला की आपण खिडकीपाशी थोडे रेंगाळतो. 'साहेब, पोच द्या' म्हणतो. कारकून कुरकुर करतो, शिक्का शोधतो, तारीख घालून सही करतो. तो चिटोरा आपण खिशात जपून ठेवतो. अर्ज उद्या गहाळ झाला तरी आपण दिला होता याला पुरावा राहतो. खेड्यातला न शिकलेला माणूसही पोचेशिवाय खिडकी सोडत नाही.

आज मी ज्या इतिहासाविषयी बोलणार आहे तो पोच मागण्याचाच इतिहास आहे. तुरुंगात बसलेल्या माणसापर्यंत कायद्याचा कागद पोचतो का, वकील पोचतो का, आणि पोचत असेल तर त्याची नोंद कुठे आहे, हा प्रश्न आपल्या राज्यात साध्या नागरिकांनी अधिकाऱ्यांना विचारला. त्याला उत्तरे मिळाली. मात्र ती सहजासहजी मिळाली नाहीत.

सुरुवात एका निकालापासून करू. माधव हयवदनराव होसकोट नावाचे गृहस्थ सौराष्ट्र विद्यापीठात प्रपाठक होते, एम.एस्सी., पीएच.डी. झालेले. कर्नाटक विद्यापीठाच्या पदव्यांची बनावट प्रमाणपत्रे तयार करण्याचा प्रयत्न त्यांच्या अंगाशी आला. सत्र न्यायालयाने नाममात्र शिक्षा दिली, मुंबई उच्च न्यायालयाने ती वाढवून तीन वर्षांची केली. या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जाण्याची मुदत असते. पण होसकोट तिथे पोचले ते चार वर्षांहून अधिक उशिराने, शिक्षा भोगून झाल्यावर. एवढा उशीर का, असे विचारले तेव्हा मोठी चमत्कारिक हकिकत पुढे आली. उच्च न्यायालयाने निकालाची मोफत नक्कल वेळेवर पाठवली होती. ती येरवडा मध्यवर्ती कारागृहाच्या अधीक्षकांच्या नावे होती. होसकोट म्हणाले, मला ती मिळालीच नाही. आणि मिळाल्याची त्यांची सही असलेला कागद तुरुंगाच्या दप्तरात नव्हता.

म्हणजे कागद उच्च न्यायालयापासून येरवड्याच्या दारापर्यंत आला. दारापासून कोठडीपर्यंतचे अंतर फार तर काही शे पावलांचे. तेवढ्यात त्याचा माग हरवला.

१७ ऑगस्ट १९७८ रोजी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला. होसकोट यांचा अर्ज त्यांनी फेटाळला. गुन्ह्याबाबत दयामाया दाखवली नाही. पण त्याच निकालात त्यांनी सांगितले की, कैद्याला शिक्षा झाली की निकालाची नक्कल वेळेवर आणि विनामूल्य मिळालीच पाहिजे. ती तुरुंगामार्फत आली तर अधिकाऱ्याने ती कैद्याच्या हाती देऊन लेखी पोच घेतली पाहिजे. त्याला अपील करायचे असेल तर तुरुंगाने सोय केली पाहिजे, आणि वकील परवडत नसेल तर तो सरकारने दिला पाहिजे. शिक्षा कायम राहिलेल्या माणसाच्या प्रकरणातून बाकी सगळ्या कैद्यांना हा हक्क मिळाला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मी कवी माणूस, शब्दांकडे जरा जास्तच बघतो. वकील, जामीन, कैद, अर्ज, नक्कल, तारीख, हक्क हे सारे शब्द अरबीतून, फारसीच्या वाटेने आपल्या मराठीत आले आणि इथलेच होऊन गेले. 'दाद' हा तर फारसी शब्द, त्याचा मूळ अर्थ न्याय. न्यायालयात आपण दाद मागतो, आणि मुशायऱ्यात शेर आवडला की दाद देतो. शब्द एकच आहे. ऐकणारा असल्याशिवाय दोन्हीकडे त्याला अर्थ येत नाही.

आमच्या मराठवाड्याला तर हे शब्द फार जवळचे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हिंगोली निजामाच्या राज्यात होती. हैदराबाद संस्थानात १८८४ साली सरकारी कारभाराची भाषा फारसीऐवजी उर्दू झाली. गावातला कुणबी मराठी बोलायचा, आणि त्याच्यावरचा हुकूम उर्दूत निघायचा. तो वाचून घ्यायला दुसऱ्याच्या दारात जावे लागे. माझ्या घरात दखनी बोलली जायची, शाळेत मराठी होती. त्यामुळे दोन्हीकडचे कागद मला वाचता आले. पण ज्याला वाचता येत नाही त्याच्या हातात कागद देऊन 'दिला' म्हणणे हे देणे नव्हे, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. पुढे इंग्रजी आली, तरी वाचून घेण्यासाठी दुसऱ्याच्या दारात जाणे काही सुटले नाही.

कैद्याच्या पाठीशी बाहेरचा माणूस उभा राहण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके पकडले गेले आणि पुण्यात त्यांच्यावर खटला उभा राहिला. सरकारच्या रोषाला सगळेच भ्यालेले. अशा वेळी गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. सार्वजनिक सभेच्या या पुढाऱ्याचा मार्ग अर्ज-विनंत्यांचा होता, फडक्यांचा मार्ग शस्त्राचा. मार्ग पटत नसला तरी आरोपीला वकील हवा, ही गोष्ट काकांनी दीडशे वर्षांपूर्वी करून दाखवली.

स्वातंत्र्यानंतरचे एक उदाहरण तर मराठी पुस्तकाचेच आहे. प्रभाकर पांडुरंग संझगिरी मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी मराठीत 'अणूच्या अंतरंगात' नावाचे विज्ञानाचे पुस्तक लिहिले. छापण्यासाठी ते हस्तलिखित पत्नीकडे पाठवू द्या, असा अर्ज त्यांनी १९६४ मध्ये सरकारकडे केला. सरकारने नकार दिला. उच्च न्यायालयाने परवानगी दिली, तर सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने निकाल दिला. अणूची रचना समजावून सांगणाऱ्या पुस्तकाने राज्याची सुरक्षितता कशी धोक्यात येणार होती, हे सरकारला सांगता आले नाही. कागद आत जाण्याचा जसा प्रश्न असतो, तसा कागद बाहेर येण्याचाही असतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. शीला बारसे या मुंबईच्या पत्रकार. मे १९८२ मध्ये कारागृह महानिरीक्षकांची रीतसर परवानगी काढून त्या मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात गेल्या. ११ ते १७ मे या दिवसांत त्यांनी पंधरा स्त्री-कैद्यांशी बोलणे केले. त्यांपैकी पाच जणींनी सांगितले की, पोलीस कोठडीत असताना आम्हाला मारहाण झाली. बारसे यांनी ही हकिकत सर्वोच्च न्यायालयाला पत्राने कळवली. त्या पत्रालाच न्यायालयाने याचिका मानले.

न्यायालयाने महाराष्ट्र सरकारला, कारागृहाच्या आणि पोलिसांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना नोटिसा काढल्या. एवढ्यावर न थांबता 'निर्मला निकेतन' या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालक डॉ. देसाई यांना तुरुंगात जाऊन स्त्री-कैद्यांना भेटायला सांगितले. भेटीच्या वेळी दुसरे कोणीही हजर असता कामा नये, असे बजावले. सरकारी अधिकाऱ्याच्या देखत कैदी काय बोलणार? 'जेवण बरे मिळते, त्रास काही नाही' असेच बोलणार.

डॉ. देसाईंच्या अहवालात मारहाणीखेरीज आणखी एक गोष्ट ठळकपणे आली. या बायकांना वकील मिळण्याची नीट व्यवस्थाच नव्हती. दोन परदेशी बायकांनी तर सांगितले की, एका वकिलाने फी म्हणून ठेवून घेतो असे सांगत आमचे जवळपास निम्मे सामान आणि दागिने लुबाडले. आत कोंडलेल्या माणसाला वकील निवडता येत नाही आणि त्याच्या कामाची चौकशीही करता येत नाही. भेटेल त्याच्यावर विश्वास टाकणे एवढेच त्याच्या हाती असते.

१५ फेब्रुवारी १९८३ रोजी न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल दिला. तो वाचताना मला एखाद्या हुशार गृहिणीने लिहिलेल्या यादीची आठवण होते. कारण त्यात मोठमोठी वाक्ये थोडी आणि कामाच्या गोष्टी फार. प्रत्येक तुरुंगाने आपल्याकडच्या कच्च्या कैद्यांची यादी जिल्ह्याच्या विधी साहाय्य समितीकडे पाठवावी. यादीत कैदी आत कधी आला ती तारीख असावी, शक्यतो आरोप काय ते असावे, पुरुष आणि स्त्रिया वेगळ्या दाखवाव्यात. नुसत्या संशयावरून धरलेले आणि पंधरा दिवसांहून अधिक काळ आत असलेले, त्यांची यादी वेगळी द्यावी. समितीने नेमलेल्या वकिलांनी पंधरवड्यातून निदान एकदा तुरुंगात जावे. ते कोणत्या दिवशी येणार याची सूचना तुरुंगात ठळक जागी लावावी. ज्या कैद्याला भेटायचे असेल त्याला भेटू द्यावे. आणि ही भेट अशी व्हावी की, तुरुंगाच्या अधिकाऱ्याला दोघे दिसतील पण त्यांचे बोलणे ऐकू येणार नाही.

या शेवटच्या ओळीपाशी मी नेहमी थांबतो. दिसावे पण ऐकू येऊ नये, एवढ्या अंतरावर खुर्ची मांडायची. पळून जाण्याची भीती अधिकाऱ्याला वाटते, ती दिसण्याने भागते. बोलण्याची भीती कैद्याला वाटते, ती न ऐकू येण्याने जाते. दोघांच्याही भीतीचा विचार त्यात आहे.

पोलीस कोठडीसाठीही आज्ञा झाल्या. मुंबईत बायकांसाठी चार-पाच कोठड्या वेगळ्या निवडाव्यात आणि तिथे स्त्री-पोलिसांचा पहारा असावा. अटक झाल्याबरोबर जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवावे. आरोपीने सांगितलेल्या नातेवाइकाला किंवा मित्राला खबर द्यावी. दंडाधिकाऱ्याने आरोपीला समोर उभे केल्यावर स्वतः विचारावे की, तुला मारले का? आणि अटक झालेल्याचे हक्क सांगणारी पत्रके मराठी, हिंदी आणि इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत चिकटवावीत. उर्दूतला हुकूम मराठी माणसाच्या हाती ठेवणारी कचेरी ज्या मुलखाने पाहिली, त्या मुलखातल्या माणसाला या आज्ञेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

पण शीला बारसे यांची पुढची वाट सोपी नव्हती. तुरुंगातल्या स्त्रियांच्या मुलाखती घेण्याची परवानगी त्यांना १९८६ मध्ये मिळाली. त्यांनी ध्वनिमुद्रण सुरू केले तेव्हा अधिकाऱ्यांनी हरकत घेतली आणि परवानगी काढून घेतली. पुन्हा न्यायालय, पुन्हा तारखा. १९८७ मध्ये न्यायालयाने म्हटले की, पत्रकाराने तुरुंगात जाणे समाजाच्या हिताचे आहे, मात्र त्याला नियमांची चौकट असेल. त्याच सुमारास देशभरच्या तुरुंगांत अडकलेल्या सोळा वर्षांखालच्या मुलांसाठीही त्या लढत होत्या. सरकारे माहिती देत नव्हती, सुनावणी पुढे ढकलली जात होती. वैतागून त्यांनी १९८८ मध्ये ती याचिका मागे घ्यायची परवानगी मागितली. न्यायालयाने बारसे यांना मोकळे केले, पण याचिका मागे घेऊ दिली नाही. ती त्यांच्या एकट्यांची राहिली नाही असे म्हणून पुढचे काम विधी साहाय्य समितीकडे सोपवले.

या प्रसंगाकडे दोन्ही बाजूंनी पाहता येते. एकटी बाई थकली, यात व्यवस्थेला शोभा नाही. पण तिने उभा केलेला प्रश्न तिच्या थकण्याने संपला नाही, हेही खरे.

पत्रावरून न्याय मागण्याची ही वाट त्या काळात आणखी कुणी कुणी वापरली. नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले के. एफ. रुस्तमजी हे बडे पोलीस अधिकारी. जानेवारी १९७९ मध्ये बिहारच्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांवर त्यांनी इंग्रजी दैनिकात दोन लेख लिहिले. दोषी ठरले असते तर जेवढी शिक्षा झाली असती त्याहून अधिक दिवस ही माणसे निकालाविना आत होती. ते लेख घेऊन कपिला हिंगोरानी या वकील बाई सर्वोच्च न्यायालयात गेल्या. हुसैनारा खातून हे नाव त्या खटल्यामुळे कायद्याच्या पुस्तकात कायमचे लिहिले गेले, आणि हजारो कैदी सुटले.

पुढे १९८७ मध्ये विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा झाला. तो अमलात यायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडले. या कायद्याने कोठडीतल्या प्रत्येक माणसाला, त्याचे उत्पन्न न विचारता, मोफत वकिलाचा हक्क दिला. १९९० पासून टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'प्रयास' प्रकल्पाचे कार्यकर्ते मुंबईच्या तुरुंगात जाऊन कैद्यांच्या घरी निरोप देणे, जामिनाची कागदपत्रे जमवणे अशी कामे करू लागले. हे काम वर्तमानपत्रात फारसे छापून येत नाही, पण त्यामुळे माणसे घरी जातात.

आता कोणी म्हणेल, कायदा झाला, निकाल लागले, मग अडते कुठे? अडते ते खाली, आपल्या जिल्ह्यात. सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गोरेगावसारख्या गावातून पाहिले की नीट दिसते. माणूस धरला जातो ठाण्यात. त्याला उभे करतात न्यायालयात. मग तो जातो परभणीच्या किंवा त्याहून लांबच्या तुरुंगात. पोलीस, न्यायालय, तुरुंग आणि विधी सेवा प्राधिकरण यांची दप्तरे वेगवेगळी. एका दप्तरातली ओळ दुसऱ्या दप्तरात गेली नाही की, माणूस दोहोंच्या मधल्या फटीत पडतो. त्याची बायको एसटीने आधी हिंगोली गाठते, मग परभणी. दिवसाची मजुरी बुडते. खिडकीवर कळते की भेटीची वेळ संपली. मी बी.ए. झालेला, म्हणून गावातली माणसे अर्ज लिहायला माझ्याकडे येतात. अशा घरची माणसे आली की मी पहिले विचारतो, वकील कोण? उत्तर बहुधा येते, 'सरकारी हाय म्हणत्यात, नाव ठाव न्हाई.'

ज्याचे नाव माहीत नाही तो वकील मिळाला असे म्हणायचे का?

२०२२ अखेरच्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशात ५ लाख ७३ हजारांहून अधिक कैदी होते, आणि त्यांतले चार लाख ३४ हजार कच्चे, म्हणजे दर चारांत तीन. त्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नव्हता. पारध्यांच्या पालावरचा, दलित वस्तीतला, आमच्या मोहल्ल्यातला गरीब पोरगा जामीन मिळूनही जामीनदाराअभावी आत राहतो, ही कथा मराठवाड्यात कुणालाही नवी नाही.

'गुन्हेगारांचे एवढे लाड कशाला?' हा प्रश्न चावडीवर नेहमी निघतो. त्यात राग असतो, आणि ज्याच्या घरी गुन्हा घडला त्याचा राग खोटा नसतो. म्हणून एक दाखला देतो. मुंबईवर २६ नोव्हेंबर २००८ रोजी हल्ला करणाऱ्या कसाबचे अपील ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले, फाशी कायम केली. त्याच निकालात देशातल्या सगळ्या दंडाधिकाऱ्यांना आज्ञा दिली की, आरोपी पहिल्यांदा समोर येताच त्याला वकिलाच्या हक्काची पूर्ण माहिती द्या आणि ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील द्या. यात कसूर केली तर खातेनिहाय कारवाई होईल. कसाबला वकील मिळाला, म्हणून त्याला झालेल्या शिक्षेकडे जगात कोणाला बोट दाखवता आले नाही. वकिलाविना चाललेला खटला वरच्या न्यायालयात कोसळू शकतो, आणि मग फिर्यादीलाही न्याय मिळत नाही.

आणि आमच्या शेजारचीच घटना. हिंगोली १९९९ पर्यंत ज्या जिल्ह्यात होती त्या परभणीत, १० डिसेंबर २०२४ रोजी डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंदला हिंसक वळण लागले, धरपकड झाली. पकडलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचे शिक्षण घेणारा तरुण होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना तो मरण पावला. लोक मुंबईच्या दिशेने पायी निघाले. त्याच्या आईने औरंगाबाद खंडपीठात दाद मागितली. जुलै २०२५ मध्ये खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला, आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. गुन्हा नोंदवावा एवढ्यासाठी एका आईला सात महिने आणि दोन न्यायालये लागली. शीला बारसे यांनी १९८२ मध्ये विचारलेला प्रश्न जुना झालेला नाही.

मग आपण काय करायचे? बरेच काही करता येते, आणि त्याला मोर्चाच लागतो असे नाही. प्रत्येक जिल्ह्यात कच्च्या कैद्यांच्या प्रकरणांचा आढावा घेणारी समिती आहे. जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक तिच्यात असतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ती सक्तीची केली, आणि ज्या प्रकरणातून हे झाले त्याचीही सुरुवात एका पत्रानेच झाली होती. माजी सरन्यायाधीश लाहोटी यांनी २०१३ मध्ये लिहिलेल्या. ही समिती शेवटची कधी बसली, किती नावे तिच्यापुढे आली, किती सुटले, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येते. आपल्या ठाण्यात हक्कांची पाटी मराठीत लावलेली आहे का, हे आत जाऊन पाहता येते. ऑक्टोबर २०२४ च्या निकालात तर पोलीस ठाणी, टपाल कचेऱ्या, बसस्थानके अशा ठिकाणी मोफत वकिलाची माहिती स्थानिक भाषेत लावायला सांगितले आहे. आपल्या बसस्थानकावर ती नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला एक पत्र लिहा. गावातला कोणी आत असेल तर त्याच्या घरच्यांना १५१०० हा मोफत क्रमांक द्या, आणि त्याच्या वकिलाचे नाव लिहून आणायला सांगा.

अधिकारी सगळे वाईट असतात असे मी म्हणत नाही. पण कामाच्या रगाड्यात ज्याच्याबद्दल कोणी विचारत नाही त्याचा कागद तळाशी जातो, हा कचेरीचा स्वभाव आहे. विचारणारा आला की कागद वर येतो. आतल्या माणसाला खिडकीपाशी उभे राहून पोच मागता येत नाही. ती त्याच्या वतीने बाहेरच्याने मागायची असते. मागताना तारीख आणि शिक्का नीट पाहून घ्यावा.